कादंबरीतली नदी आणि आमची गोदा

नदी नाही अशी मराठी कादंबरी विरळा. पण जिच्यातली नदी खरोखर वाहते अशी कादंबरी त्याहून विरळा. नायिका सांजवेळी घाटावर येते, पाण्यात दिवा सोडते, डोळे पुसते आणि परत जाते. ती नदी कोणत्या डोंगरातून आली, कोणत्या दिशेला चालली, वैशाखात तिच्यात पाणी किती उरते, पलीकडच्या गावाला माणसे कशी जातात, याची वाचकाला अखेरपर्यंत वार्ता लागत नाही. घाटाच्या जागी देवळाचा पार मांडला तरी कथेचे काही बिघडत नाही. अशी नदी म्हणजे नाटकाचा रंगवलेला पडदा. प्रवेश बदलला की गुंडाळून ठेवावा!

मी शाळेत शिकवतो आणि कादंबऱ्या लिहितो. या दोन उद्योगांच्या संगतीने मला एक सवय जडली आहे. कादंबरी वाचून झाली की तिच्यातल्या नदीचा नकाशा फळ्यावर काढता येईल का, हे मी पाहतो. नदी लेखकाच्या मनातली असली तर ही कसोटी अधिकच कडक लावावी. कारण खऱ्या नदीची उणीव वाचक आपल्या आठवणीतून भरून काढतो, पण कल्पनेतल्या नदीला लेखकावाचून कोणी वाली नसतो.

या कसोटीला उतरणारे जुने नमुने आमच्या गोदावरीच्या काठीच सापडतात. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा प्राकृत आणि संस्कृत ग्रंथ मी वाचले ते भाषांतरांच्या आधाराने. स. आ. जोगळेकरांची ‘हाल सातवाहनाची गाथासप्तशती’ १९५६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात गोदावरी ‘गोला’ या घरगुती नावाने भेटते. येथे तिची पूजाअर्चा फारशी नाही. आहेत ते तिचे पूर, तिच्या काठची शेते आणि वेलींच्या दाट जाळ्या.

त्यातली एक गाथा पंडितांत फार गाजलेली आहे. एक धार्मिक गृहस्थ फुलांसाठी नदीकाठी येत असतो. एक स्त्री त्याला सांगते की, बाबा, आता निर्धास्त फिर. तुला त्रास देणारा तो कुत्रा गोलेच्या जाळीत राहणाऱ्या सिंहाने मारून टाकला. वरवर पाहता हे आमंत्रण आहे. खरा अर्थ, इकडे पुन्हा फिरकू नकोस! कारण ती जाळी तिची प्रियकराला भेटण्याची जागा आहे. नवव्या शतकात दूर काश्मिरात बसून आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त ध्वनी समजावण्यासाठी हीच गाथा निवडली. मला तिच्यात दिसतो तो भूगोल. काठावर दाट जाळी नसेल तर सिंह खोटा, भीती खोटी आणि ध्वनीही खोटा. एवढ्याशा गाथेत नदीला काम आहे, आणि ते तिच्यावाचून दुसरे कोणी करू शकत नाही.

गाथेतली नदी अशी गावची. ब्रह्मपुराणातल्या गौतमीमाहात्म्यात तीच गोदा शंभरावर अध्यायांतून तीर्थांची माळ होऊन येते. तिथे ती पाप धुते. दोन्ही नद्या खऱ्या आहेत. कारण दोहोंच्या काठी माणसे काहीतरी मागायला येतात आणि नदीमुळे त्यांचे काही घडते किंवा बिघडते.

तिसरा नमुना भवभूतीचा. आठव्या शतकातला हा नाटककार विदर्भातल्या पद्मपुरचा. ‘उत्तररामचरिता’च्या तिसऱ्या अंकात त्याने नद्यांनाच पात्रे केले. मुरला गोदावरीकडे निरोप घेऊन निघाली आहे : रामाला मूर्च्छा आली तर आपल्या लाटांवरच्या गार वाऱ्याने त्याला सावध कर. पण माझ्या मते त्याचे मोठेपण त्याआधीच्या अंकात आहे. बारा वर्षांनी राम दंडकारण्यात येतो आणि पाहतो, तो जिथे प्रवाह होता तिथे वाळवंट पडले आहे, दाट झाडी विरळ झाली आहे, विरळ होती ती दाट झाली आहे. डोंगर तेवढे जागच्या जागी, म्हणून ओळख पटते. नदी बदलते आणि तिच्या बदलावरून माणसाला आपले गेलेले आयुष्य मोजता येते, हे इतक्या थोडक्यात मी दुसरीकडे वाचलेले नाही.

आता आमच्या जालना जिल्ह्याकडे येऊ. गोदा आमची दक्षिण सीमा. अंबड, घनसावंगी आणि परतूर हे तालुके तिच्या काठचे. जालना शहराची कुंडलिका दुधनेला मिळते, दुधना पूर्णेला आणि पूर्णा पुढे परभणी जिल्ह्यात गोदेला. घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. लग्नमंडपातून निघालेला हा मुलगा नाशिकजवळ टाकळीला पोहोचला, असे परंपरा सांगते. कादंबरीकाराला हा प्रवास एका वाक्यात उरकता येईल. पण त्याच्यापुढे नकाशा असेल तर त्याच्या ध्यानात येईल की नदी पूर्वेला चालली आहे आणि मुलगा पश्चिमेला, उगमाच्या रोखाने. तो उत्तरतीराने गेला असेल तर पाणी सदैव त्याच्या डाव्या हाताला. वाटेत शहागड, मग पैठण; तिथे एकनाथांनी देह ठेवला तो १५९९ साली, या मुलाच्या जन्माआधी नऊ वर्षे. नदीने एवढे सांगितल्यावर लेखकाला अलंकार कशाला हवेत?

आमच्या डोळ्यांदेखत या नदीचा स्वभाव बदलला आहे. जायकवाडी धरणाची कोनशिला १९६५ साली बसली आणि १९७६ साली धरणाचे उद्घाटन झाले. खाली जोगलादेवी, राजाटाकळी, लोणी सावंगी येथे बंधारे आहेत. २००६ च्या ऑगस्टात काठच्या गावांना पुराने वेढले, ते धरणाचे दरवाजे उघडल्यामुळे. आणि २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्याने घोटभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहिली. पूर्वी पूर ढगांकडे पाहून ओळखत, आता धरणातून किती पाणी सोडले ते विचारतात. भवभूतीच्या रामाने प्रवाहाच्या जागी वाळू पाहिली; आमच्या काठावर वाळूच्याही जागी खड्डे दिसतात, कारण वाळू ट्रकांतून केव्हाच शहराकडे गेली. आणि आमच्या कादंबरीतली नायिका अजून त्याच घाटावर तोच दिवा सोडते आहे!

माझी तक्रार आहे ती येथे. कालच्या नदीचे वर्णन उद्याच्या मुलांना कोणत्याही पुस्तकात मिळेल. आजची नदी मात्र आपण लिहिली नाही तर ती कोणालाच कळणार नाही. हालाने आपल्या काळची लिहिली, म्हणून गोलेच्या जाळ्या आपल्याला अजून दिसतात.

वाचकहो, अभ्यंगस्नानाच्या वेळी तांब्यातल्या पाण्यात सात नद्यांना बोलावण्याची आपली रीत आहे. गोदावरी त्या सातांतली एक. जालन्यात तिला बोलावण्याचेही कारण नाही. जायकवाडीचे पाणी नळाने घरी येते. उटणे लावून पाणी अंगावर घेताना मुलांना एवढे जरूर सांगा की ही नदी कोठून निघाली, कोठे अडली आणि किती वाट चालून आपल्या बादलीत आली. त्यांच्यातलाच कोणी उद्या ती कागदावर उतरवील.