कुंपणातली शिष्टता

इंग्रजीच्या तासाला एका विद्यार्थ्याने ‘टक्सिडो’चा अर्थ विचारला. ‘मागे शेपटी नसलेला काळा कोट’ एवढे सांगून मी पुढे गेलो. त्या उत्तराची लाज वाटते, म्हणून हे टिपण.

टक्सिडो हे मुळात न्यूयॉर्क राज्यातल्या एका ठिकाणाचे नाव. तेही तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले. तिथे लोरिलार्ड घराण्याची हजारो एकर जमीन होती. घराण्याचा धंदा १७६० पासून तंबाखूचा. अमेरिकेतली तंबाखू व्हर्जिनिया-मेरीलँडात गुलाम काळ्या माणसांनी पिकवली, हे विसरून या संपत्तीकडे पाहता येत नाही.

ब्रुकलाइनचा ‘द कंट्री क्लब’ १८८२ चा. वारस पिएर लोरिलार्ड (चौथा) याने त्यापुढची मजल मारली. क्लबभोवती त्याने अख्खी वसाहतच उभारली : टक्सिडो पार्क. क्लबच्या सभासदाखेरीज कुणाला तेव्हा तिथे घर मिळत नसे. सुमारे १,८०० मजूर राबले. त्यांत इटली आणि स्लोव्हाकियातून आलेले पुष्कळ होते. रस्ते, गटारे, नळ, क्लबघर आणि मैलोगणती कुंपण त्यांच्या हातचे. मे १८८६ मध्ये वसाहत खुली झाली. कष्टकऱ्यांची वस्ती फाटकाबाहेर राहिली. गावकूस म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. अर्थात त्या मजुराला धर्मग्रंथाने बाहेर ठेवले नव्हते, आपल्याला ठेवले होते. हा फरक मी पुसू इच्छित नाही.

इतिहासात मात्र राहिली ती कोटाची कथा. १८८६ च्या शरदातल्या नृत्यसमारंभात लोरिलार्डचा मुलगा ग्रिसवोल्ड असा कोट घालून आला म्हणतात. कोट पहिल्यांदा कुणी घातला यावर अभ्यासकांत वाद आहे. कुंपण कुणी घातले यावर वाद नाही, कारण तो प्रश्न क्वचितच विचारला जातो.

पार्कचा वास्तुशिल्पी ब्रूस प्राइस. त्याची मुलगी एमिली पोस्ट हिने १९२२ साली ‘एटिकेट’ हा शिष्टाचाराचा गाजलेला ग्रंथ लिहिला. मला हा निव्वळ योगायोग वाटत नाही. मूठभरांची राहणी आधी सवय असते, मग नियम होते आणि शेवटी संस्कृती म्हणून सर्वांच्या माथी मारली जाते. दलित साहित्याच्या भाषेला ‘अशिष्ट’ ठरवणाऱ्या समीक्षकांचा मापदंड याहून वेगळ्या रीतीने घडला काय?

माझी आई विड्या वळायची. माझी फी त्यातून भरली गेली, आणि कपड्यांना येणारा तंबाखूचा वास मी कॉलेजात चोरून ठेवीत असे. कोटाचे उत्तर देणारा मास्तर त्याच चोरीतून तयार झाला. पुढच्या तासाला त्या विद्यार्थ्याला मी पुन्हा उभा करणार आहे, आणि या शब्दाचा अर्थ मजुरांपासून सांगायला सुरुवात करणार आहे.