बायजाबाईंची रपेट आणि आपण विसरलेलं खोगीर

बायजाबाई शिंदे आणि फॅनी पार्क्स यांच्या रपेटीचा प्रसंग मी व्याख्यानांतून पाच-सहा वेळा तरी ऐकला आहे. दर वेळी तो एकाच ठिकाणी संपतो: मडमेची घोड्यावरची बैठक पाहून मराठी बायकांना हसू आलं. श्रोते टाळ्या वाजवतात, वक्ता पुढे जातो. गेल्या पावसाळ्यात मूळ इंग्रजी पुस्तक घेऊन बसलो, तेव्हा वाटलं की आपण त्यातली गंमत तेवढी उचलली आणि घोडा तिथेच ठेवला.

प्रसंग 1835 मधला. दौलतराव 1827 मध्ये वारले, बायजाबाईंनी कारभार पाहिला, 1833 मध्ये त्यांना ग्वाल्हेर सोडावं लागलं. या वेळी त्यांची छावणी फतेहगडला होती. पार्क्सबाईंचा नवरा अलाहाबादला कस्टम खात्यात. त्यांचं प्रवासवर्णन 1850 मध्ये लंडनला छापलं गेलं. त्यातली मराठा छावणीची पानं मला आवडतात ती एका कारणासाठी. बाई नुसत्या पाहत बसत नाहीत, स्वतः दोन्हीकडे पाय टाकून बसून बघतात. तसं बसणं त्यांना इतकं निर्धोक वाटलं, की बायकांची बसण्याची रीत बदलल्याबद्दल त्यांनी थेट एलिझाबेथ राणीलाच दोष दिला. इतिहास म्हणून तो आरोप कच्चा आहे, पण अनुभव खरा आहे.

तो का खरा, हे सांगायला सामान समजून घ्यावं लागतं. मडमांच्या एकांगी जिनावर दोन्ही पाय डावीकडे. उजवा पाय पुढच्या खुंटाला अडकवायचा, रिकीब एकच, तीही डावीकडे. तोल सावरायला तंग जास्त आवळावा लागतो, आणि जीन जरा सरकलं की घोड्याची पाठ सोलवटते. नऊवारीचा काष्टा घातलेल्या बाईला हा खटाटोप नको. दोन्ही मांड्यांची पकड, म्हणजेच मांड, तिला आपोआप मिळते. हसण्यामागे एवढं शहाणपण होतं.

आता माझी तक्रार. मराठीत हा प्रसंग सांगणारे ‘जीन’ आणि ‘खोगीर’ एकाच अर्थाने, जिथे जो शब्द सुचेल तिथे वापरतात. लाकडी सांगाड्याच्या जिनात मधे पोकळी राहते, भार कण्याच्या दोन्ही बाजूंना पडतो. खोगीर म्हणजे भरलेली गादी. मऊ खरी, पण भरण गोळा झालं की नेमकं कण्यावर रुततं. तेव्हा ‘आपलं ते चांगलं, त्यांचं ते वाईट’ असा निकाल देता येत नाही. बैठक आपली सरस, पण खोगिराला काळजी जास्त. आणि गंमत बघा, ज्या भरणावर घोड्याची पाठ शाबूत राहायची, त्याच्यावरून आपण ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी गर्दीसाठी केला!

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. बाविसाव्या वर्षी लष्करातल्या एका म्हाताऱ्या टांगेवाल्याकडे बसायला शिकत होतो. एकदा घाईत खरारा न करताच खोगीर घातलं. पाठीवर वाळलेला चिखल होता. तासाभराने तंग सोडला, तर रुपयाएवढी जखम. म्हातारा मला एक शब्द बोलला नाही. तोबरा चढवला, जखम धुतली, आणि आठ दिवस टांगा जोडला नाही. त्या आठ दिवसांची कमाई कुणाची बुडाली, हे मला फार उशिरा सुचलं.

आपल्या कथनांतून हा मोतद्दारच गळतो. बायजाबाई घोड्यावर चढतात, पण चंदी कुणी घातली, खूर कुणी पाहिले, अगाडी-पिछाडी कुणी सोडली? परवाच्या एका शोभायात्रेत लक्ष्मीबाई झालेल्या मुलीच्या घोड्याची मखमली झूल मी सहज उचलून पाहिली. खाली दोन ओल्या जखमा. आयोजक म्हणाले, ‘‘काका, फोटोत दिसत नाही.’’

आमच्या मंडळातल्या एका मित्राकडे पणजोबांचं खोगीर आहे. पुढच्या बैठकीला घेऊन ये म्हटलंय. भरण कापसाचं की लोकरीचं, हे उसवल्याशिवाय कळायचं नाही, आणि तो उसवू द्यायला तयार नाही.