हलता कॅमेरा, स्थिर पठार : धूसर छायाचित्राची सौंदर्यमीमांसा

छायाचित्रातील धूसरता हा दीर्घकाळ दोष मानला गेला. हात हलला आणि चित्र बिघडले, एवढाच तिचा अर्थ. मात्र तोच दोष हेतुपुरस्सर पत्करला तर त्याला कलात्मक मूल्य प्राप्त होते काय, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. शटर १/१५ सेकंदापासून एखाद्या सेकंदापर्यंत उघडे ठेवायचे आणि तेवढ्या अवधीत कॅमेरा आडवा, उभा वा गोलाकार फिरवायचा, अशी ही पद्धत आहे. भर उन्हात अतिरिक्त प्रकाश रोखण्यासाठी भिंगाचे छिद्र लहान करावे लागते किंवा त्यापुढे काळसर फिल्टर लावावा लागतो. वस्तूंच्या कडा विरघळतात आणि रंगांचे पट्टे तेवढे उरतात. एर्न्स्ट हास याने १९५०च्या दशकात स्पेनमधील बैलझुंजींच्या रंगीत छायाचित्रांत मंद शटरचा असा उपयोग करून या धूसरतेला प्रतिष्ठा मिळवून दिली.

अशा छायाचित्रांना सर्रास ‘दृक्प्रत्ययवादी’ म्हटले जाते. पॅरिसमधील या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन १८७४ साली नादार या छायाचित्रकाराच्याच जुन्या स्टुडिओत भरले होते, हा योगायोग सूचक आहे; परंतु त्यावरून साधर्म्य गृहीत धरणे घाईचे ठरेल. मोनेच्या चित्रात प्रकाश चंचल असतो आणि डोळा त्या चंचलतेचा मागोवा घेतो. येथे दृश्य बहुधा स्थिर असते. चंचल असतो तो हात. म्हणजे चित्रकार क्षणाचा प्रत्यय पुन्हा रचतो, तर छायाचित्रकार एका अल्प कालावधीतील स्वतःच्या हालचालीची नोंद करतो. ही धूसरता कुंचल्याची नक्कल नव्हे. ती एका शारीरिक कृतीची खूण आहे.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचे उदाहरण घ्यावे. २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत समाविष्ट झालेल्या या पठारावर पावसाळ्याच्या उत्तरार्धात तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा आणि सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा रंग एकमेकांलगत पसरतो. तेथे कॅमेरा आडवा फिरवला की फूल नाहीसे होते आणि रंग उरतो. हे मर्ढेकरांच्या सिद्धान्ताचे जणू प्रात्यक्षिकच. ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधील भूमिकेनुसार संवेदनांची संवाद, विरोध व समतोल या तत्त्वांनी झालेली लयबद्ध रचना म्हणजे सौंदर्य. वस्तूची लौकिक ओळख तेथे गैरलागू. मग ते पठार कासचे आहे की अन्य कोठले, याने काहीच बिघडू नये.

प्रत्यक्षात मात्र बिघडते. हेच पट्टे रंगाच्या डब्यांवरून कॅमेरा फिरवून मिळवले आहेत असे कळताच प्रेक्षकाचा अनुभव बदलतो. छायाचित्राचा त्याच्या विषयाशी असलेला कार्यकारणसंबंध कडा पुसल्याने तुटत नाही. प्रकाश त्याच फुलांवरून आलेला असतो. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवले. धूसर छायाचित्र या दोन ध्रुवांमधील ताणावरच जगते. ओळख पूर्ण पुसली तर ते केवळ नक्षी होते. पूर्ण राखली तर हात हलवण्याचे प्रयोजन उरत नाही.

या ताणाची खरी कसोटी सांगलीत लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी तेथे ४५ फूट आहे. ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून माणसे मृत्युमुखी पडली. त्या महापुराचे तपकिरी-राखाडी पट्ट्यांत विरलेले छायाचित्र लयतत्त्वाच्या निकषावर निर्दोष ठरू शकेल. तरीही ते अस्वस्थ करते, कारण तेथे छायाचित्राकडून साक्षीची अपेक्षा असते: पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, छपरावर कोण होते. शुद्ध रूपवादाकडे या अस्वस्थतेचे उत्तर नाही. तो तिला कलाबाह्य म्हणून बाजूला सारील. पण जे माध्यम मुळातच साक्ष देते, त्याच्या बाबतीत साक्ष नाकारणे हीदेखील एक अर्थपूर्ण कृती ठरते आणि तिचे मूल्यमापन टाळता येत नाही.

याउलट आषाढी वारीत चांदोबाचा लिंब येथे ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे उभे रिंगण होते, तेव्हा वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून धावणाऱ्या अश्वाबरोबर फिरलेला कॅमेरा साक्ष पुसत नाही. वेग हाच तेथील अनुभवाचा गाभा असल्याने स्थिर, रेखीव चित्रच काही प्रमाणात अपुरे ठरते. हाताच्या गतीला दृश्यातच आधार सापडतो.

तेव्हा धूसरता सरसकट स्वीकारता येत नाही, तशी नाकारताही येत नाही. काय पुसले गेले आणि त्या पुसण्याने विषयाविषयी काय कळले, हे प्रत्येक छायाचित्रापुरते तपासावे लागेल. रंगांच्या लयीचे विश्लेषण त्यासाठी आवश्यक आहे. पुरेसे मात्र नाही. मर्ढेकरी परंपरेतील समीक्षेला या नव्या प्रतिमांपुढे आपली परिभाषा विस्तारावी लागेल ती नेमकी येथे.