हँगरमधले यान आणि हँगरबाहेरची माणसे

२६ जुलै २०२३ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाच्या एका उपसमितीपुढे डेव्हिड ग्रश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने शपथेवर साक्ष दिली. कोसळलेली परकी याने गोळा करायची आणि त्यांचे तंत्र उलगडायचे, असा गुप्त प्रकल्प सरकार अनेक दशके चालवत आले आहे, असे त्याचे म्हणणे होते. हे त्याने स्वतः पाहिले नव्हते, माहीतगारांकडून ऐकले होते. मार्च २०२४ मध्ये संरक्षण खात्याच्या तपास कार्यालयाने जुनी दप्तरे चाळून अहवाल दिला. अशा प्रकल्पाचा पुरावा मिळत नाही, आणि मोजक्या माणसांचे एक वर्तुळ एकमेकांचेच दावे पुन्हा पुन्हा सांगत आले आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

गुप्त सरकारी प्रकल्प आणि परग्रहाचे तंत्र यांवर उभ्या असलेल्या थरारकथेची आज मोठी पंचाईत झाली आहे. शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवलेला गौप्यस्फोट आता दूरदर्शनवर थेट दिसतो. गुपित फुटण्याचा धक्का एवढेच ज्या कादंबरीचे भांडवल, तिच्याकडे वाचकाला देण्यासारखे काही उरत नाही. पण या प्रकाराची खरी ताकद तबकडीत कधी नव्हतीच, असे मला वाटते. आपल्याच नागरिकांपासून काही लपवणारे सरकार, आणि त्या लपवण्याची किंमत मोजणारी माणसे, हा त्याचा गाभा. तो ज्यांनी धरला त्यांची पुस्तके टिकली.

या कथांना मुळात सुपीक जमीन मिळाली ती खऱ्या खोटेपणाची. ८ जुलै १९४७ला रॉझवेलच्या लष्करी हवाई तळाने उडती तबकडी हाती लागल्याचे पत्रक काढले आणि काही तासांतच तो हवामानाचा फुगा असल्याचा खुलासा झाला. खुलासाही पुरता खरा नव्हता. सोव्हिएत अणुचाचण्यांचा आवाज वातावरणाच्या वरच्या थरांत टिपण्यासाठी सोडलेल्या ‘मोगल’ या गुप्त प्रकल्पाच्या फुग्यांचे ते अवशेष होते, हे हवाई दलाने १९९४मध्ये सांगितले. १९५५पासून नेवाडातल्या ग्रूम लेकवर, म्हणजे आज जगभर ‘एरिया ५१’ म्हणून माहीत असलेल्या तळावर, यू-२ विमानाच्या चाचण्या सुरू झाल्या. साठ हजार फुटांवर चमकणारे ते विमान पाहून लोक पत्रे लिहीत. तपासनिसांना कारण ठाऊक असे, पण पत्रकर्त्याला ते कळवायची मुभा नसे. सीआयएने माणसांना त्यांच्या नकळत एलएसडी देऊन केलेल्या ‘एमके-अल्ट्रा’ प्रयोगांची कागदपत्रे तर १९७३मध्ये संचालकाच्याच हुकमावरून नष्ट झाली. हिशेबाची दप्तरे वेगळी ठेवलेली होती म्हणून तेवढी वाचली आणि १९७७मध्ये सापडली. इतके सगळे घडून गेल्यावर ‘सरकार आपल्यापासून काही लपवते’ या शंकेला वेडगळ कसे म्हणायचे? लपवलेली वस्तू कोणती, याबद्दलचा तर्क तेवढा चुकला.

गाभा लपवण्यात आहे, हे सर्वांत आधी ओळखले ते ब्रिटिश लेखक नायजेल नील याने. बीबीसीवर १९५५ला आलेली त्याची ‘क्वाटरमास टू’ ही सहा भागांची मालिका मी या प्रकारातली पहिली मोठी कृती मानतो. कृत्रिम अन्न बनवण्याचा म्हणून सांगितलेला एक सरकारी कारखाना आहे. तो उभा करायला एक गाव जमीनदोस्त झाले आहे, शेजारी कामगारांची तयार घरांची वसाहत उठली आहे. आत परग्रहावरचे जीव वाढत आहेत आणि वरच्या जागांवरचे अधिकारी त्यांच्या अमलाखाली गेले आहेत. नीलची नजर कामगारांच्या क्लबावर जाते ते मला फार मोलाचे वाटते. तिथल्या माणसांना पगार चांगला मिळतो, गुप्तता देशासाठी असते हे त्यांनी मान्य केलेले आहे, आणि प्रश्न विचारणारा परकाच त्यांना खुपतो. शेवटी तेच कामगार कारखान्यात घुसतात. वायू वाहून नेणारा नळ बंद करायला त्यांच्यातल्याच माणसांचे देह कोंबले जातात तो प्रसंग आजही पाहवत नाही. महायुद्धानंतरच्या ब्रिटनमध्ये कुंपणाआडचे लष्करी तळ गावोगाव वाढत होते. पाहणाऱ्याला ती भीती ओळखीची होती.

सोव्हिएत रशियात अर्काडी आणि बोरिस स्ट्रुगात्स्की या बंधूंनी १९७२ला ‘रोडसाइड पिकनिक’ प्रसिद्ध केली. परग्रहवासी येऊन गेले, मागे ‘झोन’ उरला. त्यातल्या वस्तूंचा उपयोग कोणाला कळत नाही, तरी एक संशोधन संस्था त्या साठवते आणि चोर त्या विकतात. रेड शूहार्ट हा संस्थेचा प्रयोगशाळा-सहायक, रात्रीचा चोर. झोनमध्ये जाण्याची शिक्षा त्याच्या मुलीच्या शरीरावर दिसते. तंत्र उलगडल्याचा विजय या कादंबरीत कुठेच नाही. आहे ते पोटासाठी धोक्यात हात घालणाऱ्या माणसाचे सगळे आयुष्य. पुस्तकरूपाने ती काटछाट होऊन १९८०मध्ये निघाली. त्यासाठी लेखकांना आठ वर्षे प्रकाशनसंस्थेशी झगडावे लागले.

मग ‘द एक्स-फाइल्स’. १० सप्टेंबर १९९३ला फॉक्स वाहिनीवर सुरू झालेल्या ख्रिस कार्टरच्या या मालिकेने आपल्याकडच्याही एका पिढीला वेड लावले. तिचे ऋण मी मानतो. वॉटरगेटनंतरचा अविश्वास तिने घरोघरी पोहोचवला आणि त्याला डेना स्कलीच्या रूपाने एक प्रामाणिक शंकेखोर आवाज दिला. शंका घेणारे पात्र खलनायक किंवा मूर्ख नसावे ही शिस्त नंतरच्या कितीतरी लेखकांनी मोडली. पण या मालिकेला स्वतःचा गुंता आवरला नाही. प्रत्येक उत्तरामागे आणखी एक कट ठेवत नेल्याने २००२पर्यंत कोणत्याच उत्तराला वजन राहिले नाही. २०१६ आणि २०१८चे पुनरागमन त्याहून पोकळ होते.

तिचा सर्वांत चांगला भाग मला ‘पेपर क्लिप’ वाटतो. एका जुन्या खाणीत मैलोगणती कपाटे उभी आहेत. त्यांत देवीच्या लशीच्या निमित्ताने गोळा केलेल्या सामान्य माणसांच्या नोंदी आणि ऊतींचे नमुने आहेत. हा भाग प्रक्षेपित झाला २९ सप्टेंबर १९९५ रोजी. त्याच तारखेला राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एका आदेशावर सही केली. गुपित फुटेल अशी माहिती उघड करण्याचे पर्यावरण कायद्यांचे बंधन ग्रूम लेकच्या तळाला लागू नाही, असे त्यात म्हटले होते. तळावर काम केलेल्या काही जणांनी आणि दोन दिवंगत कामगारांच्या पत्नींनी १९९४मध्ये दावे लावले होते. उघड्या चरांत विषारी रसायने जाळली जात, त्या धुराने कातडी फाटली, खोकला जडला, असे त्यांचे म्हणणे होते. आपण नेमके काय हुंगले ते कळावे, म्हणजे डॉक्टरांना उपचार करता येतील, एवढी मागणी त्यात होती. सरकारी गुपिताचे कारण पुढे करून ती फेटाळली गेली. १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही लक्ष घालायला नकार दिला.

एरिया ५१ने माणसांचे काय केले, याची न्यायालयात नोंदलेली कहाणी ही. आदेशानंतर पुढच्याच वर्षी, १९९६मध्ये, ‘इंडिपेंडन्स डे’ या चित्रपटाने त्या तळाखाली १९४७चे परकी यान आणून ठेवले, आणि नेवाडा राज्याने जवळच्या महामार्गाला परग्रहवासीयांचे नाव दिले. धुराने आजारी पडलेल्या कामगारावर या प्रकारातली गाजलेली एकही कादंबरी माझ्या वाचनात नाही. मला ही मोठी नैतिक चूक वाटते. तळाच्या कुंपणापर्यंत जाऊन लेखकांनी आकाशाकडे पाहिले, आणि आतून खोकत बाहेर येणारी माणसे त्यांच्या नजरेतून सुटली.

बाजारातल्या बहुतेक पुस्तकांबद्दल लिहिण्यासारखे थोडेच आहे. एक निवृत्त कमांडो, एक देखणी शास्त्रज्ञ, बर्फाखाली काहीतरी. मराठीत अनुवादातून भरपूर वाचला जाणारा डॅन ब्राऊन याच्या ‘डिसेप्शन पॉइंट’मध्ये (२००१) निदान एक कल्पक उलटापालट आहे. तिथे परग्रहावरच्या जीवाचा पुरावाच बनावट निघतो. पण पात्रे पळत राहतात, थांबून विचार करत नाहीत.

अलीकडच्यांत सिल्वाँ न्यूवेलची ‘स्लीपिंग जायंट्स’ (२०१६) मला उजवी वाटली. सगळी कादंबरी मुलाखती आणि टिपणांतून उलगडते आणि प्रश्न विचारणारा कोण, कोणत्या खात्याचा, हे शेवटपर्यंत उमगत नाही. परकी यंत्र चालवता यावे म्हणून एका माणसाचे गुडघे उलटे वळणारे करून घेतले जातात, आणि त्याची नोंद त्याच कोरड्या सरकारी भाषेत होते. नोंदीचा तो थंड सूर अंगावर येतो.

आपल्याकडे जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’चा या घराण्याशी संबंध लागतो. खोल खोदकामात सापडलेली पेटी, तिच्यातले प्रगत ज्ञान, त्यावरून घडलेला वामन हा यंत्रमानव. ज्ञान परग्रहाचे नाही, लोपलेल्या जुन्या संस्कृतीचे आहे, पण प्रश्न तोच: सापडलेले तंत्र वापरायचे की नाही, आणि हे ठरवणार कोण? नारळीकरांचा शास्त्रज्ञाच्या सचोटीवर विश्वास आहे. त्यामुळे त्यांच्या कथेतला ताण कटाचा न राहता विवेकाचा होतो. मराठी विज्ञानकथेने ही वाट पुढे नेली नाही याची खंत वाटते.

चीनच्या ल्यू त्सिशिन याच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ने (२००८) मात्र गेल्या दोन दशकांत या प्रकाराला सर्वांत पुढे नेले. डोंगरावरच्या ‘रेड कोस्ट’ या गुप्त लष्करी तळावर ये वेन्जी ही शास्त्रज्ञ काम करते. सांस्कृतिक क्रांतीत काही तरुणींनी जमावापुढे तिच्या वडिलांना तिच्यादेखत मारलेले आहे. परग्रहावरून संदेश येतो. उत्तर देऊ नका, असा इशाराही तिथलाच कोणी देतो. तरी ती उत्तर पाठवते. तिच्या मागे कोणतीही टोळी नसते. तळावरच्या कोणालाही ती हे सांगत नाही. स्वतःच्या माणसांवरचा तिचा विश्वास १९६७मध्येच संपलेला असतो, आणि तो संपवणाऱ्या तरुणी कोण होत्या, त्यांचे पुढे काय झाले, हेही लेखक सांगतो.