बाबांची गोळी आणि आपला चुकलेला प्रश्न

गेल्या उन्हाळ्यात बाबा सांगलीहून म्युनिकला आले, तेव्हा त्यांच्या चहासाठी मी सुपरमार्केटमधून गोड गोळ्यांची डबी आणली. खटका दाबला की एक गोळी पडते, ती. बाबांना पंधरा वर्षं डायबेटिस आहे. चार दिवस चहा मजेत चालला. पाचव्या दिवशी त्यांनी डबीवरचं बारीक जर्मन फोनच्या कॅमेऱ्याने वाचून काढलं आणि विचारलं, "अगं, हे सायक्लामेट अमेरिकेत बंद आहे म्हणे. मग इथं कसं चालतं?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. शोधायला बसले तेव्हा जाणवलं, की आस्पार्टेमवरचा भाग आपण केला तो चुकीच्या टोकाने धरून केला. 'सुरक्षित आहे की नाही' असा एकच प्रश्न घेऊन आपण तासभर बोललो. पुढे 'यामागे कोणाची लॉबी आहे' हा दुसरा प्रश्न आला आणि सगळे एकदम खूश झाले. दोन्ही प्रश्न तोकडे आहेत असं आता माझं मत आहे.

आधी बाबांच्या डबीचं. साठच्या दशकात अमेरिकेत सायक्लामेट आणि सॅकरिन 10:1 या प्रमाणात मिसळून सर्रास वापरत. उंदरांना हे मिश्रण दोन वर्षं खायला घातलं. ज्या गटाला दर किलो वजनामागे रोज 2,500 मिलिग्रॅम इतका सर्वांत मोठा डोस होता, त्या गटातल्या काहींच्या मूत्राशयात गाठी आल्या. ऑक्टोबर 1969 मध्ये बंदीची घोषणा झाली. अमेरिकेत 1958 पासून डेलनी कलम होतं: प्राण्यात किंवा माणसात कॅन्सर करणारा पदार्थ अन्नात मिसळायचा नाही. किती डोसला, याची विचारपूस कलमात नाही. युरोप डोस विचारतो. इथली रोजची मर्यादा दर किलोमागे 7 मिलिग्रॅम. बाबा 65 किलोचे, म्हणजे 455. एका गोळीत 40 मिलिग्रॅम सायक्लामेट धरलं तर अकरा गोळ्या. बाबा घेतात चार.

तेव्हा एकाच पदार्थाबद्दल दोन कायद्यांनी दोन वेगळ्या गोष्टी विचारल्या. पुढे 1985 मध्ये अमेरिकेच्याच नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने सांगितलं, की सायक्लामेट स्वतः कॅन्सर करतं असा पुरावा नाही. बंदी मात्र आजही आहे. एकदा घातलेली बंदी उठवणं हे वेगळंच राजकारण असतं, त्यात कोणालाच मतं मिळत नाहीत.

आता लॉबी. ही गोष्ट मोहात पाडणारी आहे, कारण ती खरी आहे. साखर उद्योगाने सायक्लामेटविरुद्धच्या संशोधनाला पैसे दिले होते. त्याहून जुनी गोष्ट जर्मनीतली. 1879 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फालबर्गला सॅकरिन सापडलं आणि त्याने कारखाना टाकला तो माग्देबुर्गजवळ, म्हणजे बरोबर जर्मन बीट-साखरेच्या पट्ट्यात! (साताऱ्यात ऊस-बंदी संघटनेचं ऑफिस काढल्यासारखं.) साखरवाल्यांनी सरकारकडे धाव घेतली. साखरेवरच्या करातून सरकारलाही चांगली कमाई होती. 1898 मध्ये पहिला कायदा आला, 1902 मध्ये दुसरा, जास्त कडक: सॅकरिन फक्त औषधाच्या दुकानात, आजारी माणसाला. शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये असं बंधन नव्हतं. साहजिकच कपड्यांत शिवलेल्या चोरखिशांतून सॅकरिन सीमेपार यायला लागलं. मग पहिलं महायुद्ध झालं, साखर तुटली, आणि तोच पदार्थ सरकारच्या मर्जीने घरोघरी पोचला.

इथे थांबून 'बघा, सगळं पैशाचं' म्हणायचा मोह होतो. पण 1902 च्या बाजूने बोलणाऱ्यांचा एक मुद्दा मला आजही खोडता येत नाही. त्यांचं म्हणणं होतं, साखर हे अन्न आहे, सॅकरिन नाही. मजुराच्या घरी कॉफी आणि पावाबरोबरची साखर म्हणजे ताकद होती. तिच्या जागी स्वस्त सॅकरिन घालून विकलं, तर गरिबाला गोडीच्या नावाखाली उपाशी ठेवल्यासारखं होतं. हे बोलणाऱ्यांचा साखरेत फायदा होता, म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. आज त्याच साखरेतली ताकद आपल्याला नको आहे, म्हणून तो विचित्र वाटतो एवढंच. लॉबीच्या गोष्टीतून कोण बोलतंय ते कळतं. ते खरं आहे का, हे वेगळं तपासावं लागतं. आपण त्या भागात पहिलं केलं आणि दुसरं केलं असं समजलो.

शिवाय ही लॉबी म्हणजे दरवेळी सिगार ओढणारा कोणी भांडवलदार नसतो. म्युनिकहून पासाउच्या दिशेने जाताना प्लाटलिंग लागतं, तिथे ज्युडझुकर कंपनीचा मोठा कारखाना आहे. या कंपनीत बहुमताचा वाटा बीट पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे आहे. मी हे बाबांना सांगितलं तर ते उठून बसले. ते स्वतः एका सहकारी कारखान्याचे सभासद. डायबेटिस झाला तरी दिवाळीची सवलतीची साखर त्यांनी कधी सोडलेली नाही, कार्ड दाखवून हक्काने आणतात. साखरेची लॉबी म्हणताना आपण ज्यांच्याविषयी बोलतो, त्यांत ते आहेत. ऊसबिलावर माझी शाळेची फी भरली गेली, त्यामुळे मीही आहे.

2023 चा गोंधळ आठवतोय? 14 जुलैला डब्ल्यूएचओच्या घरातून एकाच दिवशी दोन निकाल आले. आयएआरसीने आस्पार्टेमला 2बी, म्हणजे 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात टाकलं. जेक्फा या दुसऱ्या समितीने दर किलोमागे 40 मिलिग्रॅमची जुनी मर्यादा तशीच ठेवली. म्हणजे 70 किलोच्या माणसाने डाएट कोलाचे नऊ ते चौदा कॅन रोज प्यायले तर ती ओलांडली जाईल. आयएआरसी विचारते, एखाद्या पदार्थात कॅन्सर करायची कुवत आहे का. जेक्फा विचारते, आपण खातो तेवढ्यात काय होईल. आपण दोन्ही निकाल वाचून दाखवले, पण ही दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत हे सांगितलं शेवटच्या पाच मिनिटांत, तेही घाईने. बाबांच्या ग्रुपवर मात्र 'डब्ल्यूएचओने गोळ्या बंद करा म्हटलंय' एवढंच आलं. हा भलताच कागद होता. त्याच वर्षी मे महिन्यात डब्ल्यूएचओने वजन कमी करण्यासाठी स्वीटनर वापरू नका असा सल्ला दिला होता, आणि आधीपासून डायबेटिस असलेल्यांना तो लागू नाही असं त्यातच लिहिलं होतं. म्हणजे बाबांना वगळलेला सल्ला बाबांनाच पोचला.

पण माझी खरी तक्रार वेगळ्या ठिकाणी आहे. परदेशात बसून आपण कोलाच्या कॅनवर तासभर बोलतो. भारताच्या 2011 च्या अन्नसुरक्षा नियमावलीतला तक्ता काढून बघा. सॅकरिन: सोडा-कोल्ड्रिंकला दर किलोला 100 मिलिग्रॅम. सुपारीला 4,000. पानमसाल्याला 8,000. चार ग्रॅमच्या पुडीत 32 मिलिग्रॅम झाले. तेव्हाची 5 मिलिग्रॅमची मर्यादा धरली तर वीस किलोच्या पोराला तीन पुड्या जेमतेम चालतात, चौथीला ओलांडते. युरोपने 2024 मध्ये ही मर्यादा 9 केली, म्हणजे सॅकरिनची काळजी आणखी कमी करायला हरकत नाही. करूच. कारण पुडीत खरा घातक पदार्थ सॅकरिन नाहीच, सुपारी आहे. त्याच आयएआरसीने सुपारीला पहिल्या गटात टाकलंय, 'कदाचित' हा शब्द तिथे नाही. सॅकरिनचं काम एवढंच, की तो तुरट, जीभ आखडणारा तुकडा पोराच्या तोंडात गोड लागावा. स्वीटनरच्या रकान्यात ते मर्यादेत बसतं आणि प्रत्येक रकाना आपापल्या जागी बरोबर असतो. पुडी एकत्र बघणारा रकाना नाही.

महाराष्ट्राने 2012 पासून गुटखा-पानमसाल्यावर बंदी घातली आहे. कायद्यात अन्नसुरक्षा आयुक्तांना एका वेळी एक वर्षापुरतीच बंदी घालता येते, म्हणून आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो. आमच्या गावात शाळेसमोरच्या टपरीवर पुडी कुठे ठेवलेली असते ते शाळेतल्या कोणालाही माहीत आहे.

बाबा परत जाताना दोन डब्या घेऊन गेले. मी त्यांना गणित कागदावर लिहून दिलं: दिवसाला अकरा ही हद्द, चार हा तुमचा हिशेब. दिवाळीत फोन केला तेव्हा कारखान्याची साखर घरात आली होती. "आत्याकडे दिली सगळी," म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "दोन किलो ठेवलीय. पाहुण्यांना चहात गोळी कशी द्यायची?"