किती मारले, हा निष्कर्ष नव्हे : इंग्लंडचा बॅजर-प्रयोग कसा वाचावा



पीएच.डी.च्या मुलाखतीत एक प्रश्न हमखास येतो : "तुम्ही टीकात्मक नजरेने वाचलेला एखादा शोधनिबंध सांगा." बहुतेक विद्यार्थी यावर सारांश सांगून मोकळे होतात. लेखकाने काय केलं, किती नमुने घेतले, काय निष्कर्ष निघाला, संपलं. पण सारांश म्हणजे टीका नव्हे. टीका म्हणजे मांडलेल्या दाव्याचं वजन त्याखालचा पुरावा पेलतो की नाही, हे तपासणं. आज आपण ते एका गाजलेल्या प्रयोगावर करून बघू.

विषय मुद्दाम तापलेला घेतलाय. शेतीला किंवा गुरांना त्रास देणाऱ्या रानटी प्राण्यांना मारून प्रश्न सुटतो का? आपल्याकडे रानडुक्कर आणि रोही यांच्यावरून हा वाद सतत चालू असतो. एक बाजू म्हणते, परवाने द्या, जबाबदार शिकारी नेमा, उपद्रव आपोआप कमी होईल. दुसरी म्हणते, मारणं हेच क्रूर आहे. दोघंही ठामपणे बोलतात, पण मारल्यानंतर नुकसान खरंच किती कमी झालं, याचं मोजमाप क्वचितच पुढे येतं. इंग्लंडमध्ये मात्र हे मोजायचा मोठा प्रयत्न झाला. प्राणी होता बॅजर.

प्रश्न काय होता?

बॅजर हा आपल्याकडच्या चांदी अस्वलाच्याच कुळातला, जमिनीत बिळं करून गटाने राहणारा निशाचर प्राणी. १९७१ साली ग्लॉस्टरशायरमध्ये एका मेलेल्या बॅजरमध्ये गुरांच्या क्षयाचे जंतू सापडले, आणि तेव्हापासून शेतकऱ्यांचं बोट बॅजरकडे आहे. गुरांचा क्षय ही किरकोळ गोष्ट नाही. चाचणीत दोषी ठरलेली गाय कत्तलीला जाते, आणि कळप निर्दोष ठरेपर्यंत गुरांची ने-आण बंद होते. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेला कळप डोळ्यांदेखत रिकामा होताना बघणाऱ्या माणसाला "बॅजर वाचवा" हे ऐकवणं सोपं नसतं.

१९९७ मध्ये जॉन क्रेब्ज यांच्या समितीने सरकारला सांगितलं की बॅजरचा संबंध दिसतो, पण त्याला मारून क्षय कमी होतो का, हे नीट तपासलेलंच नाही. आधी प्रयोग करा. त्यातून १९९८ मध्ये 'रँडमाइज्ड बॅजर कलिंग ट्रायल' सुरू झाली. अध्यक्ष जॉन बोर्न. गटात ज्यांच्या नावाचं रिग्रेशन तुमच्यापैकी अनेकांनी शिकलंय ते डेव्हिड कॉक्स होते, आणि संख्याशास्त्राची मुख्य धुरा क्रिस्टल डॉनेली यांच्याकडे होती.

रचना अशी. साधारण १०० चौरस किलोमीटरचे ३० भाग. त्यांची १० त्रिकुटं. प्रत्येक त्रिकुटात कुठल्या भागाला काय मिळणार हे यदृच्छेने ठरवलं. पहिल्या भागात सगळीकडे, पुन्हापुन्हा बॅजर मारायचे. दुसऱ्यात ज्या शेतावर क्षय सापडला त्याच्या आसपासच मारायचे. तिसऱ्यात काहीच मारायचं नाही, फक्त पाहणी. सुमारे ११ हजार बॅजर मारले गेले : पिंजऱ्यात पकडून, जवळून गोळी घालून. पिल्लं बिळात असतात म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल मारणं बंद.

काय सापडलं?

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे गरज पडेल तिथेच मारण्यात, गुरांमधला क्षय कमी होण्याऐवजी पाहणीच्या भागांपेक्षा अंदाजे २७ टक्के जास्त दिसला. नोव्हेंबर २००३ मध्ये हा भाग थांबवला. पहिल्या प्रकाराचे निकाल २००६ मध्ये 'नेचर'मध्ये आले : मारलेल्या भागाच्या आत क्षय १९ टक्के कमी, पण हद्दीबाहेरच्या २ किलोमीटरच्या पट्ट्यात २९ टक्के जास्त.

असं का? संशोधकांनी दिलेलं स्पष्टीकरण असं की बॅजरच्या गटांच्या हद्दी ठरलेल्या असतात. काही मारले की घडी विस्कटते. उरलेले लांबवर भटकतात, नव्या बॅजरच्या आणि नव्या गुरांच्या संपर्कात येतात. पुन्हापुन्हा मारलेल्या भागांत बॅजरमधलंच क्षयाचं प्रमाण वाढल्याचंही दिसलं.

आधी, काय चांगलं आहे

टीका म्हणजे खुसपट काढणं, असा आपल्याकडे गैरसमज आहे. या प्रयोगाचं पहिलं श्रेय म्हणजे मोजायची गोष्ट बरोबर निवडली. मेलेले बॅजर हे यश मानलं नाही. किती कळपांत नव्याने क्षय निघाला, हे मोजलं. मेलेल्या जनावरांचा आकडा बंदुकीबद्दल आणि सापळ्याबद्दल सांगतो, गोठ्याबद्दल काही सांगत नाही.

दुसरं, हद्दीच्या बाहेर पाहिलं. फक्त आत पाहिलं असतं तर १९ टक्क्यांची घट मिरवून सगळे घरी गेले असते. हा मुद्दा वहीवर करून बघा. १०० चौरस किलोमीटरचं वर्तुळ घ्या. त्याची त्रिज्या साधारण ५.६ किलोमीटर. त्याभोवतीच्या २ किलोमीटरच्या पट्ट्याचं क्षेत्रफळ येतं सुमारे ८३ चौरस किलोमीटर. म्हणजे फायदा होणारा भाग आणि तोटा होणारा भाग जवळपास सारखेच! आता १,००० चौरस किलोमीटर घ्या : पट्टा फक्त २३७. आणि १ चौरस किलोमीटरचं एकट्याचं शेत घ्या : पट्टा जवळजवळ २० चौरस किलोमीटर. परवाना असलेला शेतकरी आपल्याच शिवारात, नियम पाळून, प्रामाणिकपणे बॅजर मारतो तेव्हा त्याचा परिणाम कोणाच्या गोठ्यावर होऊ शकतो, हे या आकडेमोडीतून कळतं. तिथे माणूस जबाबदार असून भागत नाही. भागाचा आकारही बघावा लागतो.

आता, कुठे बोट ठेवायचं

एक. नमुन्याचा आकार. वाचताना हजारो कळप, हजारो बॅजर दिसतात आणि आपण दबून जातो. पण यदृच्छेने निवड झाली ती भागांची, कळपांची नाही. म्हणजे खरी त्रिकुटं फक्त १०. एका भागातले कळप एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. तुमच्या सिनॉप्सिसमध्ये "३०० विद्यार्थी" लिहिता आणि ते सगळे दोनच शाळांतले असतात, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो.

दोन. दुसरा प्रकार लवकर थांबला. नैतिकदृष्ट्या ते समजण्यासारखं आहे, पण कमी काळात कमी मारल्यावर मिळालेल्या २७ टक्क्यांवर किती भार टाकायचा? टीकाकारांनी हे तेव्हाच विचारलं होतं. त्यातच २००१ च्या लाळ्या-खुरकुताच्या साथीने काम अडलं, काही जमीनमालकांनी परवानगी नाकारली, विरोधकांनी पिंजरे मोडले. हे सगळं प्रयोगाच्या निकालात मिसळलेलं आहे.

तीन. शेवटचं वाक्य. २००७ च्या अंतिम अहवालाचा सूर असा की बॅजर मारण्याने ब्रिटनमधल्या गुरांच्या क्षयाच्या नियंत्रणाला काही अर्थपूर्ण हातभार लागणार नाही. इथे 'अर्थपूर्ण' या शब्दावर थांबा. १९ टक्के घट हे मोजमाप आहे. ती अर्थपूर्ण आहे की नाही, हा खर्च, सोय आणि धोरणाचा निवाडा आहे. त्याच वर्षी सरकारचे मुख्य वैज्ञानिक सल्लागार डेव्हिड किंग यांनी जवळपास तोच पुरावा बघून, इतर उपायांबरोबर बॅजर हटवणं उपयोगी ठरू शकतं असं सांगितलं. डेटा तोच, पण निवाडा वेगळा. पुढे २०१० मध्ये आलेल्या विश्लेषणात, मारणं थांबल्यावर बाहेरचा तोटा लवकर ओसरला आणि आतला फायदा काही वर्षं टिकला, असं दिसलं. मला वाटतं, मोजमाप आणि निवाडा अहवालाने वेगळ्या परिच्छेदांत ठेवायला हवे होते.

चार. मॉडेल. २०२४ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मध्ये जुन्या डेटाचं फेरविश्लेषण आलं. त्यात वेगळी, पण समर्थनीय मॉडेलं वापरल्यावर मारण्याचा परिणामच दिसेना. मूळ चमूशी संबंधित संशोधकांनी त्याच वर्षी उत्तर देऊन जुना निष्कर्ष टिकतो असं मांडलं. यातून "संख्याशास्त्रात काहीही सिद्ध करता येतं" असा सोयीचा धडा घेऊ नका. विश्लेषणात कुठला निर्णय बदलला की उत्तर बदलतं, ते शोधा. इथे कळप किती काळ धोक्यात होते हे मॉडेलमध्ये कसं धरायचं, आणि कुठली प्रकरणं मोजायची, यावर बरंच काही अवलंबून आहे.

सगळ्यात मोठी गफलत प्रयोगानंतर झाली

२०१३ मध्ये सॉमरसेट आणि ग्लॉस्टरशायरमध्ये सरकारने पुन्हा बॅजर मारायला परवाने दिले. पण पद्धत बदलली. पिंजऱ्याच्या जोडीला आता प्रशिक्षित, परवानाधारक नेमबाज रात्री मोकळ्या फिरणाऱ्या बॅजरवर गोळी झाडणार होते. अपेक्षा होती निदान ७० टक्के बॅजर हटवण्याची. आधार मात्र पिंजऱ्याच्या प्रयोगाचा. एका पद्धतीचा निकाल दुसऱ्या पद्धतीला लावणं म्हणजे शेजाऱ्याच्या सातबाऱ्यावर आपलं कर्ज काढणं.

इथेही एक गोष्ट चांगली झाली : स्वतंत्र तज्ज्ञांचं पथक नेमलं गेलं. 'मानवीय पद्धतीने मारणं' हे गुळगुळीत विशेषण त्यांनी मोजता येईल असं केलं : गोळी लागल्यापासून मरेपर्यंत किती वेळ? ५ मिनिटांनंतरही जिवंत राहणाऱ्यांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत हवं, असा त्यांचा निकष होता. अंदाज निघाला ७.४ ते २२.८ टक्के. आणि पहिल्या टप्प्यात निम्मे बॅजरही हटले नव्हते. त्यावर पर्यावरण मंत्री ओवेन पॅटरसन म्हणाले, बॅजरांनीच गोलपोस्ट हलवले. लोक हसले, पण मंत्र्यांची अडचण खरी होती. आधी किती बॅजर होते हेच पक्कं नसेल तर ७० टक्के कशाचे?

पुढच्या वर्षांत मारणं वाढत गेलं आणि एकूण आकडा २ लाखांच्या वर गेला. २०१९ च्या एका अभ्यासात चार वर्षांनंतर ग्लॉस्टरशायरमध्ये क्षयाचं प्रमाण तुलनेच्या भागांपेक्षा ६६ टक्के आणि सॉमरसेटमध्ये ३७ टक्के कमी दिसलं. हा पुरावा आवडत नाही म्हणून वगळायचा नाही. पण या भागांची निवड यदृच्छेने झालेली नव्हती, आणि गुरांच्या चाचण्या व ने-आणीवरचे नियमही दरम्यान कडक होत होते. घट खरी असू शकते. ती कुणामुळे झाली, हे या रचनेतून स्पष्ट होत नाही. १९९८ च्या प्रयोगात निदान तो प्रश्न विचारायची सोय होती.

आपल्याकडे हे कसं वापराल?

बॅजरचा निकाल उचलून रानडुकरावर लावू नका. रानडुकराची वीण, वावर, कळप सगळंच वेगळं, आणि तिथे प्रश्न क्षयाचा होता, इथे उभ्या पिकाचा आहे. वर मी ज्याला गफलत म्हटलं, तीच आपण करू. घ्यायचे ते प्रश्न.

आपल्या कायद्यात वाटा आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या कलम ११ खाली, उभ्या पिकांसह मालमत्तेला धोका झालेल्या काही प्राण्यांच्या शिकारीची परवानगी देता येते. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये पीक-संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा वेगळा उल्लेख आहे. कोकणात ती बंदूक अजून घरोघर ओळखीची आहे. जून २०१६ मध्ये बिहारमधल्या मोकामा भागात बाहेरून बोलावलेल्या नेमबाजांनी २०० हून जास्त रोही मारले, आणि त्यावरून दोन केंद्रीय मंत्र्यांमध्येच जाहीर वाद झाला. गाजला तो मेलेल्या रोहींचा आकडा. शेतकऱ्याला हवा तो आकडा दुसराच : पुढच्या हंगामात किती एकर वाचलं?

या विषयावर कुणी काम करणार असेल तर सिनॉप्सिस लिहिण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं लिहून काढा. मोजणार काय : मेलेली जनावरं की उद्ध्वस्त झालेलं क्षेत्र? तुलना कुणाशी : मारलं नाही अशी गावं आहेत का, आणि ती कुणी निवडली? शेजारच्या शिवारात काय झालं? किती हंगाम बघणार? आणि 'जबाबदार शिकार' म्हणजे नेमकं काय : जखमी होऊन निसटलेली जनावरं मोजणार का?

पंचनाम्याच्या कागदावर यातली निम्मी उत्तरं नसतात, म्हणून ती गोळा करायला शेतात जावं लागेल. रात्रभर मचाणावर जागणाऱ्या शेतकऱ्याला आपण सहानुभूती देतो, ती हवीच. पण उपाय चालला की नाही याचं खरं उत्तरही आपण त्याला देणं लागतो. आणि ज्या जनावराचा जीव आपण त्या उपायासाठी घेतो, त्यालाही.