दुखणं सांगायचं कुणाला?

‘पाश्चात्त्य माणूस मन दुखतंय म्हणतो, आपल्याकडे अंग दुखतं.’ मानसिक आरोग्यावरच्या मराठी लेखांत हे विधान इतकं रुळलंय की ते तपासावंसं कुणाला वाटत नाही. मला ते अर्धवट वाटतं.

त्याला आधार आहे. आर्थर क्लाइनमन यांनी १९८२ साली चीनच्या हुनान प्रांतातला अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मज्जातंतूंचा थकवा’ असं निदान झालेल्या १०० रुग्णांपैकी ८७ जणांना नैराश्य होतं. तक्रारी मात्र डोकेदुखीच्या, झोपेच्या, चक्करीच्या. पण क्लाइनमन संस्कृतीपाशी थांबले नाहीत. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात निराशा बोलून दाखवणं धोक्याचं होतं, डोकेदुखी सुरक्षित होती, हेही त्यांनी नोंदवलं. आपले लेख नेमका हा भाग गाळतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १४ देशांतल्या पाहणीवरचा १९९९चा निबंध आणखी अडचणीचा आहे. नैराश्याच्या १,१४६ रुग्णांपैकी ६९ टक्के केवळ शारीरिक तक्रार घेऊन आले होते. थेट विचारल्यावर मनाचं काहीच नाही म्हणणारे ११ टक्केच निघाले. आणि जिथे रुग्णाला नेहमीचा, ओळखीचा डॉक्टर नव्हता, तिथे अंगदुखीच सांगण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे प्रश्न फक्त सांगणाऱ्याच्या संस्कृतीचा नाही, ऐकणाऱ्याचाही आहे.

हे मला बारामती-इंदापूरच्या संदर्भात महत्त्वाचं वाटतं. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या गाळप हंगामात मराठवाड्यातून, नगरकडून ऊसतोड कुटुंबं येतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’; उचल आधीच घेतलेली, एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. यातली बाई अनोळखी दवाखान्यात जाऊन ‘कंबर धरलीय, जीव घाबरतोय’ म्हणते. तिची कंबर खरोखर दुखते, मोळ्या तीच वाहते. घोरही खराच. त्या दुखण्याला ‘मनाचा मुखवटा’ म्हणणं हा तिच्या श्रमांचा अपमान आहे, आणि इंजेक्शन देऊन वाटेला लावणं ही तिच्या मनाची उपेक्षा.

मराठीनं ही फाळणी कधी केलीच नव्हती. ‘जीव’ शरीरात की मनात, हे आपण विचारत नाही. पोटात गोळा येतो, काळजात धस्स होतं. भाषेत शब्दांची कमतरता नाही. ‘जीव घाबरतोय’वर ‘कशानं गं?’ असं विचारायला पाच मिनिटं थांबणारं माणूस कमी आहे. संस्कृतीवर लिहिणाऱ्यांनी त्या रिकाम्या खुर्चीबद्दलही लिहावं.